पारखी घरी नाही

अमरावतीच्या कापसाच्या बाजारात त्या दिवसांत दिवस मावळला की उठून घरी जाणारा माणूस एकच होता, आणि अख्खा बाजार त्याला वेडा म्हणत असे.

बाकीचे आम्ही सगळे शहाणे होतो. तिकडे अमेरिकेत भाऊबंदांची लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, म्हणून इकडे वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला होता. लढाई कोणाकोणात आहे आणि कशापायी आहे, हे बाजारात एकालाही ठाऊक नव्हतं. ती संपू नये एवढंच सगळ्यांचं मागणं होतं. आमच्या आळीतल्या भटजींनी तर देवीपुढे नारळ फोडून दोन्हीकडच्या सैन्याला उदंड आयुष्य मागितलं होतं. न्हावी दाढी करता करता भाव सांगे. लग्नाच्या तिथी पंचांगाऐवजी हंगाम पाहून निघत. एका घरी नवरदेव कापसाच्या वजनकाट्यावरून उठून थेट बोहल्यावर आला आणि अंतरपाट धरल्याबरोबर उभ्याउभ्या पेंगला. लोकांनी त्याचं कौतुक केलं. कामाचा पोरगा आहे म्हणाले.

मी अचलपूरचा. आम्ही तेव्हा एलिचपूर म्हणायचो. बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि एका मोठ्या पेढीवर पावत्या लिहीत होतो. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मी गेलो नव्हतो, आणि हे मी चारचौघांत छाती काढून सांगत असे. शेठजींनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती. बहिणीनं माझ्याशी अबोला धरला होता, ते मात्र मी सांगत नसे.

तर हे गृहस्थ आमच्या पेढीचे पारखी. कापूस चांगला की वाईट, हे हात घालून सांगायचं, एवढंच त्यांचं काम. आम्ही त्यांना पारखीबुवा म्हणायचो. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं काटकुळे, उंच. अंगातल्या बंडीची उजवी बाही त्यांनी खांद्यापासून कापून टाकलेली असे. कास्तकाराची गाडी समोर आली की ते डोळे मिटून उजवा हात थेट खांद्यापर्यंत ढिगात खुपसत, तळातून चिमूटभर कापूस ओढून काढत, दोन अंगठ्यांत धरून तंतू ताणत, कानाशी नेत, मग हुंगत. कानाशी कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "कोरडा कापूस बोलते. वल्ला गप ऱ्हायते." आणि मग ते तीन शब्दांतला एक शब्द उच्चारत. अव्वल, मद्दम किंवा परत. दिवसभरात त्यांच्या तोंडून चौथा शब्द ऐकू आला तर तो प्यायच्या पाण्यासाठी असे. 'परत' म्हटलेल्या गाडीवाल्यानं कितीही गयावया केली, शेठजींनी कितीही डोळे वटारले, तरी तो शब्द फिरत नसे. आमच्या पेढीची गठाण, म्हणजे कापसाचा बांधलेला गठ्ठा, मुंबईला उघडूनही पाहत नाहीत, असं शेठजी अभिमानानं सांगत. त्याचं कारण शेठजी नव्हते. तो एक हात होता.

एवढ्या मोलाचा माणूस, पण दिवस मावळला की संपला. बाजार आणि त्यांचं घर यांच्या मध्ये एक विहीर होती. तिथं ते थांबत, डोक्याचा फेटा सोडून झटकत, धोतराला, मिशीला, भुवयांना चिकटलेला कापूस एकेक करून वेचून काढत, हातपाय धूत आणि काठावर घडीभर नुसते बसत. मग उठून घरी जात. विहिरीपलीकडे गेल्यावर कापूस हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही. सकाळी उलट. विहिरीअलीकडे आले की घर हा शब्द काढायचा नाही.

मी सोमवारी त्यांच्याकडे जेवायला असे. त्यांची बायको, आम्ही काकू म्हणायचो, बोलण्यात तिखट आणि हातानं मायाळू. तिच्या वाती कसल्यातरी कचऱ्याच्या, किडक्या कापसाच्या असत. दिवा सारखा तडतडे, फुरफुरे, काजळी धरे. अख्ख्या वऱ्हाडात ज्याच्या बोटांची शपथ घेत, तो माणूस त्या दिव्यासमोर मुकाट भाकर खात असे.

"काहून हो, एवढे पारखी तुमी, अन् घरच्या वाती अशा?" मी एकदा बोलून गेलो.

"घरी मले कापूस समजत नाही," ते म्हणाले.

"काहीच समजत नाही," काकू म्हणाली.

एकदा संध्याकाळी स्वतः शेठजी त्यांच्या घरी आले. सोबत मुंबईचा दलाल होता आणि दलालाच्या काखेत नमुन्याचं पुडकं. मीही कंदील धरून मागे होतो. पारखीबुवा ओट्यावर बसून काकूबरोबर तुरीच्या शेंगा सोलत होते.

"पारखीजी," शेठजी म्हणाले, "जरा हात लावून सांगा. साहेबांना सकाळीच निघायचं आहे."

"पारखी घरी नाही," पारखीबुवा म्हणाले. "सकाळी बाजारात भेटन."

शेठजी हसले. दलाल हसला. मी हसलो नाही, कारण मला माणूस ठाऊक होता.

"मग तुम्ही कोण?" शेठजींनी विचारलं.

"मी हिचा नवरा. शेंगा सोलून राहिलो. बसा, तुमी बी सोला."

आणि खरं सांगतो, दोघेही बसले. माणूस आता विरघळेल, मग विरघळेल, या आशेवर वऱ्हाडातला एक बडा शेठ आणि मुंबईचा एक बडा दलाल अर्धी घटका शेंगा सोलत होते. टोपलं भरलं, नमुन्याचं पुडकं बांधलेलंच राहिलं आणि पाहुणे हात झटकत उठले. ते फाटकाबाहेर गेल्यावर काकू मला म्हणाली, "त्याईले म्हना, रोज येत जा."

हेच बाजारात उलट्या बाजूनं होई. त्यांचा मेहुणा, काकूचा धाकटा भाऊ, एकदा वलगावहून घरच्या लग्नाचं आवतन घेऊन भर दुपारी बाजारात आला. "दाजी, राम राम," म्हणून पुढे झाला. पारखीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमची गाडी कोनती?" मेहुण्याला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. बिचारा अक्षतांची पुडी हातात घेऊन गाड्यांच्या रांगेत दिवस मावळेपर्यंत उभा राहिला. संध्याकाळी विहिरीपलीकडे गेल्यावर त्याच माणसाला पारखीबुवांनी मिठी मारली, घरी नेलं, पुरणपोळी खाऊ घातली. मेहुणा मात्र जेवताना त्यांच्याकडे वेड्याकडे पाहावं तसा पाहत होता.

सगळा बाजार यावर हसे. मीही हसायचो. एके दिवशी विहिरीवर ते मिशीतला कापूस वेचत असताना मी सरळ विचारलं, "हे खूळ कुठून शिरलं तुमच्या डोक्यात?"

आधी त्यांचा फेटा झटकून झाला, पाय धुऊन झाले, मग काठावर बसले. म्हणाले, "मथीच्या आधी एक पोरगा होता आमाले. पाच वर्साचा. पोळ्याच्या आधी मातीचा बैल केला त्यानं. मी नुकता बाजारातून आलो होतो. मले म्हने, बाबा, बैल कसा झाला? माह्या डोस्क्यात दिवसभरच्या गाड्या होत्या. मी पाह्यलं बी नाही. म्हटलं, मद्दम."

मी त्यांच्या शेजारी काठावर बसलो.

"पोळा झाला अन् चार दिसांनं ताप भरला त्याले. गेला." त्यांनी फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळला. "तवापासून पारखी घरी येत नाही. तो इथंच बसते, ह्या विहिरीवर. चाल, भाकर थंडी होईन."

मथी म्हणजे त्यांची मुलगी मथुरा. ती अकोल्याला दिली होती. सासरा पूर्वी साधा कास्तकार होता. भाव चढल्यावर व्यापारी झाला होता आणि आता शेजारपाजारच्यांचाही कापूस घेऊन आपल्या आवारात साठवत होता. बैलांच्या शिंगांना त्यानं चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या. मथुरेचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलेलं, पण सातवा गेला, आठवा गेला, तरी सासरा पाठवीना. हंगाम आहे, असा निरोप येई.

त्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना एका दुपारी बाजारात एक विचित्र गोष्ट घडली. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. पारखीबुवा एकेकीत हात घालत होते, मी पावत्या लिहीत होतो. मान वर केली तर रांगेत, दोन गाड्यांच्या मध्ये, काकू उभी. डोक्यावर कापसाचं बोचकं. बाजारात बाईमाणूस विकायला येई, त्याचं नवल नव्हतं. पण पारख्याची बायको! माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारू लागली. काकूनं कोणाकडे पाहिलं नाही. रांग जशी सरकली तशी ती सरकली, आणि पाळी आली तेव्हा बोचकं नवऱ्यासमोर ठेवून स्वतः त्याच्यापाशी बसली.

पारखीबुवांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. डोळे मिटले, हात बोचक्यात घातला, आणि तो तिथंच अडकला. काकूनं पलीकडून आपला हात आत घालून त्यांचा पंजा घट्ट धरला होता.

"परत," पारखीबुवा म्हणाले.

"हो, परतच आणाची हाये," काकू म्हणाली. "मथीले. अकोल्याचा गाडीवाला आला होता. पोट्टी आवारात चक्कर येऊन पडली. पाय सुजले. नववा लागला अन् थे लोक पाठवत नाहीत. आता मी घरी बसून सांजची वाट पाहू का तुमची?"

पारखीबुवांनी डोळे उघडले. हात बाहेर काढला आणि उठले. शेठजी गादीवरून धावत आले.

"अहो, रांग बघा! आज गठाणी बांधल्या नाहीत तर मुंबईचं जहाज चुकेल."

"मले अकोल्याले जाचं हाये," पारखीबुवा म्हणाले.

"पण पारखी पाहिजे ना इथं!"

"पाहा दुसरा."

शेठजी हुशार माणूस. त्यांनी ओळखलं की हा आता थांबत नाही. त्यांनी स्वतःची दमणी जुंपायला सांगितली. हलकी गाडी, पळणारे बैल. दया आली म्हणून नव्हे, लवकर परत यावा म्हणून. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तूही जा सोबत. मुलगी मिळो न मिळो, चौथ्या दिवशी हा हात मला इथं पाहिजे." अशा रीतीनं बापलेकीच्या भेटीवर पेढीतर्फे माझी नेमणूक झाली. काकूही आमच्याबरोबर बसली. बडनेऱ्यावरून निघालो, मुर्तिजापूरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्यात पोचलो.

व्याह्याच्या आवारात कापसाचा ढीग छपरापर्यंत गेला होता. त्या ढिगासमोर चार व्यापारी उभे होते आणि व्याही त्यांना काही पटवत होता. आम्हाला पाहताच त्याचं तोंड फुललं. पण आनंद कसला, ते लगेच कळलं.

"या, या, इवाई! वेळेवर आले. पाह्यजा रे, अमरावतीचे पारखी हायेत हे, माह्ये सोयरे." मग पारखीबुवांना म्हणाला, "जरा हात घाला बरं ह्या ढिगात."

पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. काकू कोणाची वाट न पाहता सरळ आत गेली.

"मी पोरीले न्याले आलो," पारखीबुवा म्हणाले.

"न्या ना. हंगाम सरला का न्या."

"तिले नववा हाये."

"मंग दहावा लागला का न्या," व्याही म्हणाला, आणि आपल्याच बोलण्यावर हसला. "आता हंगामात बायकाईनं बाळंत व्हाचं तं कामं कोनं कराचे? माहा पोरगाच पाहा. महिना झाला, गाड्या घेऊन खामगावच्या रस्त्यानं येरझारा करून राह्यला. बायको कशी दिसते, हे बी आठवत नसन त्याले. याले म्हन्तेत कामाचा मानूस!"

पारखीबुवा आतल्या दाराकडे पाहू लागले. तेव्हा व्याही जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "असं करा. ह्या चौघाईसमोर एक शब्द बोला, अन् पोट्टी आत्ता गाडीत बसवा."

पारखीबुवा ढिगाकडे गेले. मी त्यांना हात घालताना हजार वेळा पाहिलं असेल, पण त्या दिवशी तो हात आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. डोळे मिटलेले. मग त्यांनी चिमूट काढली. तंतू ताणला नाही, कानाशी नेला नाही, हुंगला नाही. हात धोतराला पुसला. मी त्यांना बाजारात हात पुसताना कधी पाहिलं नव्हतं.

"अव्वल," ते म्हणाले.

व्याह्यानं तो शब्द आवारभर ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटला. काकू मथुरेला धरून बाहेर घेऊन आली. पोरीचा चेहरा उतरला होता, पावलं सुजली होती, आणि तिनं बापाकडे एकदाच असं काही पाहिलं की मला वाटलं, दोन महिने आधी आला नाही म्हणून रागावली असेल. परतीच्या वाटेवर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

आम्ही अमरावतीला पोचलो तेव्हा शेठजी कपाळाला हात लावून बसले होते. मधले दिवस त्यांनी स्वतःच गाड्यांत हात घातला होता. हात कोपरापर्यंतच जाई, कारण अंगरखा चुरगळतो. एका गाडीच्या तळाशी कोणा कास्तकारानं अर्धं जातं घातलं होतं. ते कापसाच्या भावानं पेढीवर आलं होतं.

मथुरेला आठ दिवसांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप. पारखीबुवांचं विहिरीवर बसणं, फेटा झटकणं पूर्ववत सुरू झालं आणि मला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

पण व्याह्याच्या लेखी तो 'अव्वल' म्हणजे हुंडी होती, आणि ती अजून वटायची होती. अकोल्याच्या त्या चौघांनी शब्द ऐकला, मग स्वतः हात घातले आणि काही न बोलता निघून गेले. त्यांना कापसातलं कळत नाही, असं व्याह्यानं ठरवलं. नात महिन्याची झाली तेव्हा त्यानं सगळा ढीग गाड्यांत भरला आणि उलटा प्रवास करून थेट आमच्या बाजारात आणला. चांदीच्या शेंब्यांचे बैल सगळ्यांत पुढे. पेढीसमोर उभा राहून म्हणाला, "इवाई, हात घाला. नाहीतं नका घालू. तुमी पाह्यलेलाच माल हाये."

पारखीबुवांनी हात घातला. पहिल्या गाडीत, दुसऱ्या, तिसऱ्या. शेठजी त्यांच्या कानाशी येऊन कुजबुजले, "जाऊ द्या, सोयरे आहेत. दिवस असे आहेत की माती विकली जाते. मी गेल्या महिन्यात जातं विकत घेतलं, मग याचं काय!" माझ्या मनातही तेच होतं. मुलगी पदरात, नात पाळण्यात, एका शब्दाची गोष्ट. विलायतेतल्या कुठल्या गिरणीचं काय बिघडणार होतं?

"परत," पारखीबुवा म्हणाले.

व्याह्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हटलं?"

"परत. सगळ्या."

"अन् अकोल्यात अव्वल म्हटलं होतं थे? चार लोकाईसमोर?"

"तो पोरीचा बाप होता," पारखीबुवा म्हणाले. "त्याले कापसातलं काय समजते?"

बाजारात हशा उसळला. व्याह्याचं तोंड लाल झालं. तो गाडीच्या जुवावर चढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "मंग त्या पोरीच्या बापाले निरोप सांगजा! म्हना, पोरगी आता तुह्याच घरी ठेव. आमच्या दारात उभी नाही करत आमी तिले!"

हशा थांबला. पारखीबुवांनी मान हलवली.

"सांजच्याले भेटन तो मले. सांगतो," ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे वळले.

यानंतर बाहेर काय काय झालं, ते इथंच सांगून टाकतो. तो कापूस कोणीच घेतला नाही. उन्हाळ्यात तार आली की अमेरिकेतली लढाई संपली, आणि भाव असा पडला की गठाणी जिथल्या तिथं राहिल्या. व्याह्याचा ढीग आतून तापून काळा पडला होता, त्याच्या गाद्यासुद्धा झाल्या नाहीत. सगळ्या बाजाराला एकदम आपापली घरं आठवली. घरच्यांना मात्र ते फारसे आठवत नव्हते. शेठजी भर दुपारी घरी गेले तर त्यांच्या धाकट्या मुलानं आईला विचारलं, हे कोण आलेत. जावई त्या उन्हाळ्यात बापाला न विचारता एकटा आला, आठ दिवस लाजत लाजत राहिला आणि बायको-मुलीला घेऊन अकोल्यातच वेगळं बिऱ्हाड करून राहिला. पारखीबुवा पुढे बरीच वर्षं पारखीच होते. भाव पडल्यावर खऱ्या पारख्याची किंमत आणखीच वाढली.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ. बाजार उठल्यावर मी त्यांच्याबरोबर निघालो. विहिरीवर ते नेहमीपेक्षा खूप वेळ बसले. दोनदा पाय धुतले. मग म्हणाले, "येतं का घरी? मले एक निरोप सांगाचा हाये अन् तोंडातून निंगणार नाही असं वाटते."

घरी काकू चुलीपुढे होती. आतल्या खोलीच्या दाराशी मथुरा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पारखीबुवा उभ्यानंच म्हणाले, "बाजारातला निरोप हाये." काकूनं चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत त्या घरात बाजारातलं काही आलं नव्हतं. "पारख्यानं आज मथीच्या सासऱ्याचा माल परत केला. सासऱ्यानं सांगतलं, पोरगी तिकडंच ठेवा."

काकूच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली.

"अन् तुमी अकोल्यात अव्वल म्हटलं होतं ना?"

"हो."

"मंग उलटं कराचं होतं!" काकू कडाडली. "खोटं बोलाचंच होतं तं बाजारात बोलाचं होतं. तिथं रोज शंभर खोटे बोलतेत, त्यात तुमचं एक खपलं असतं. पोरीचं घर तं वाचलं असतं!"

मी पायरीवर बसून जमिनीकडे पाहत होतो. भाकर करपल्याचा वास यायला लागला.

"बाबा," मथुरा म्हणाली, "त्या ढिगात पानी मीच मारलं होतं."

आम्ही तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"वजन वाढाले पायजे म्हनून. रोज दहा घडे. मामंजी म्हनत, तुहा हात हलका हाये, सारखं शिंपडते. थे करता करताच पडली मी." ती एका दमात बोलत होती, जणू महिनाभर हे तोंडाशी धरून ठेवलं होतं. "तुमी ढिगात हात घातला तवा मी दाराआड उभी होती. म्हटलं, आता बाबा बोलतीन. चार लोकाईसमोर मामंजीचं तोंड उतरन. अन् तुमी म्हटलं, अव्वल. मले वाटलं, बाबाचा हात गेला. म्हातारे झाले. आता सांगून तरी काय फायदा."

"हात नोहता गेला," पारखीबुवा म्हणाले. "कोपरापर्यंत वल्ला निंगला होता."

"मंग?"

"तुले आणाचं होतं."

मथुरा त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, ते तिनं पदरानं पुसले.

"बरं केलं आज," ती म्हणाली. "घराचं पाहून घेईन मी. ज्याले बायको पायजे असन तो येईन." आणि ती उठली, चार पावलं पुढे आली आणि हातातली पोर तिनं त्यांच्यापुढे धरली. "घ्या. महिना झाला, अजून हात नाही लावला तुमी हिले."

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं म्हणून असेल, किंवा आणखी कशानं असेल, पण त्यांनी खरंच अजून नातीला घेतलं नव्हतं. त्यांनी बाजारातल्या सवयीनं डोळे मिटले, हात पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. कुठून धरावं, ते त्यांना कळेना. काकूनं करपलेली भाकर बाजूला टाकली आणि तिथूनच ओरडली,

"मानेखाली हात द्या आधी! अन् डोये उघडा, पाहा तं खरी, कशी हाये थे!"